पैसा, पगार आणि 'पुरे': ख्रिस्ती विचार काय म्हणतो, सोप्या भाषेत

पुण्यात ऑफिसच्या जेवणाच्या टेबलावर किंवा सोसायटीच्या कट्ट्यावर आमच्या धर्माचा विषय निघाला की पैशाबद्दल दोन टोकं ऐकायला मिळतात. एक म्हणजे "तुमच्यात पैसा म्हणजे पापच ना, उंट सुईच्या नेढ्यातून जाईल पण श्रीमंत माणूस स्वर्गात जाणार नाही वगैरे". आणि दुसरं, हल्ली यूट्यूबमुळे जास्त, "तो सूटबूटवाला पास्टर सांगतो ना, हजार रुपये पेरा, देव लाख देईल, तसंच ना तुमचं?" दोन्ही चूक. आणि मधलं गुळमुळीत "थोडं कमवा, थोडं दान करा" हेही पुरेसं नाही. बायबलमध्ये पैशावर ढिगाने लिहिलंय, कायदे आहेत, दाखले आहेत, शिव्याशाप आहेत, पण सगळं वाचत गेलं की दोन प्रश्न सारखे वर येतात: तू पुरे कधी म्हणणार, आणि तुझ्या हाताखालच्या माणसाला पुरेल एवढं तू त्याच्यासाठी सोडलंस का? बाकी सगळं या दोनांभोवती फिरतं असं माझं मत आहे.

उंटाचं आधी मिटवून टाकू. मार्कने लिहिलेल्या येशूच्या चरित्राच्या दहाव्या अध्यायात एक श्रीमंत माणूस येतो, सगळ्या आज्ञा लहानपणापासून पाळतो म्हणतो, येशू त्याला सांगतो की तुझं आहे ते विकून गोरगरिबांना दे, आणि तो तोंड पाडून निघून जातो. तेव्हा येशू ते उंटाचं वाक्य बोलतो. त्यावर शिष्यच हबकतात, की मग तारण होणार तरी कोणाचं! कारण श्रीमंती म्हणजे देवाची मर्जी हा समज तेव्हाही होताच. पण येशूने हे सरसकट सगळ्यांना सांगितलेलं नाही. असंच चरित्र लिहिणाऱ्या लूकने लिहिलंय की योहान्ना, सुसान्ना अशा काही बायका स्वतःच्या पैशातून येशूचा आणि शिष्यांचा खर्च चालवायच्या. त्याला ज्या कबरेत ठेवलं ती अरिमथाईच्या योसेफाची, तोही पैसेवालाच. म्हणजे पैसा जवळ असणं हा गुन्हा नाही, त्या माणसाला तो सोडता येत नव्हता ही अडचण होती. देवाची आणि धनाची, दोघांची चाकरी एकदम होत नाही असं येशू म्हणतो, त्याचा अर्थ एवढाच घ्यायचा की ऐनवेळी तू कोणाचं ऐकतोस ते बघ.

आता कामाकडे येऊ. बऱ्याच जणांना वाटतं की आदामाने फळ खाल्लं म्हणून शिक्षा म्हणून काम मागे लागलं. उत्पत्ती हे बायबलचं पहिलं पुस्तक नीट वाचलं तर फळाची भानगड तिसऱ्या अध्यायात आहे, आणि बागेची मशागत कर, राखण कर हे दुसऱ्यातच सांगून झालंय. काम आधीचं, शिक्षेत आले ते घाम आणि काटेकुसळं. येशू सुतार होता. पौल, ज्याची पत्रं आम्ही दर रविवारी वाचतो, तो तंबू करायचा, करिंथमध्ये अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या नवराबायकोकडे राहून त्यांच्याबरोबर तेच काम करायचा, कारण धंदा एकच होता. अंगमेहनतीला नाक मुरडायची सवय तेव्हाच्या शिकलेल्या वरच्या लोकांनाही होती, आपल्याला तर आहेच, पेठांपासून बाणेरपर्यंत सगळ्यांना. पंडिता रमाबाई १८९० मध्ये शारदा सदन घेऊन पुण्यात आल्या आणि पुढे दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींसाठी दौंडच्या अलीकडे केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. तिथे त्या मुली नुसत्या प्रार्थना म्हणत बसल्या नाहीत, शेती केली, विणकाम केलं, छापखाना चालवला. रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेलं मराठी बायबल तिथल्याच बायकांनी छपाईचे खिळे जुळवून छापलं. संस्कृत पंडिताची मुलगी आणि दुष्काळातून आलेल्या पोरी एकाच पुस्तकावर काम करतायत, कामाबद्दलची ख्रिस्ती कल्पना मला कोणी विचारली तर मी पहिलं हे सांगतो.

पण काम चांगलं म्हणजे कितीही काम चांगलं का? इथे बायबलमधली सगळ्यात ऑफिसछाप गोष्ट येते. इस्राएली लोक मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम आहेत, फारोसाठी, म्हणजे तिथल्या राजासाठी, विटा पाडतायत. त्यांचा पुढारी मोशे जाऊन सुट्टी मागतो, की आम्हाला रानात जाऊन देवाचा सण करायचाय. फारो म्हणतो हे आळशी झालेत म्हणून यांना असलं सुचतं, आजपासून विटांसाठी पेंढा द्यायचा नाही, तो त्यांनीच गोळा करायचा, पण विटा मात्र रोज पहिल्या होत्या तेवढ्याच झाल्या पाहिजेत. बायबलमधलं निर्गम हे पुस्तक, पाचवा अध्याय. टीममधली दोन माणसं कमी करून टार्गेट तेच ठेवणं आपण आत्ता शोधून काढलेलं नाही.

मग ते लोक सुटतात, वाळवंटात येतात, खायला काही नाही, तेव्हा सकाळी जमिनीवर मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, पडायला लागतो. त्याचे नियम बघा. माणशी एक ओमर, म्हणजे साधारण दोन लिटरचं माप, तेवढाच घ्यायचा. ज्याने जास्त गोळा केला त्याचा जास्त भरला नाही आणि ज्याने कमी केला त्याला कमी पडला नाही. दुसऱ्या दिवसासाठी दडवून ठेवला तर त्यात किडे पडले. फक्त सहाव्या दिवशी दुप्पट, कारण सातव्या दिवशी गोळा करायला जायचंच नाही. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची कोठारं बांधलेल्या लोकांना देवाने पहिली शिकवण ही दिली, की आज पुरतंय, उद्याही पुरेल, आता एक दिवस बस खाली. 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' ही प्रार्थना आम्ही लहानपणापासून म्हणतो, तिच्या पाठीमागे हा मान्ना आहे. वर्षाची भाकर दे असं त्यात कुठेच नाही.

शब्बाथाची, म्हणजे त्या सातव्या दिवशीच्या विसाव्याची, आज्ञा पूर्ण वाचली तर ती फक्त तुमच्या सुट्टीबद्दल नाहीये. तू, तुझा मुलगा, मुलगी, तुझा दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका, सगळ्यांनी थांबायचंय. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हटलं, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या सुब्रमण्यन यांनी ९० तासांची आणि रविवारची गोष्ट काढली, तेव्हा हिंजवडी, खराडी सगळीकडे मीम्सचा पाऊस पडला, मीही फॉरवर्ड केले. पण त्याच रविवारी आपल्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सुट्टी होती का? चर्चमधून आल्यावर कंटाळा आला म्हणून बिर्याणी मागवली, ती घेऊन येणारा मुलगा कितवा दिवस सलग गाडी चालवत होता? आपला शब्बाथ दुसऱ्याच्या विटांवर उभा असेल तर आपण फारोच्या बाजूचे झालो, हे म्हणायला जड जातं पण आज्ञेत दास, दासी आणि बैलाचं नाव आहे, पळवाट नाही.

मजुरीबद्दल तर बायबल फारच बारीक बोलतं. रोजंदारीवाल्याची मजुरी सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू देऊ नको, सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात अडकलाय. बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रात तर न दिलेली मजुरीच ओरडतेय आणि कापणी करणाऱ्यांचा आक्रोश देवाच्या कानी गेलाय. आणि येशूने सांगितलेला द्राक्षमळ्याचा दाखला पुण्यात राहणाऱ्याला समजवायलाच लागत नाही, सकाळी एखाद्या मजूर अड्ड्यावरून जा, बस झालं. सात-साडेसातला घोळका असतो, थापी, घमेलं, डबा घेऊन. एखादा मुकादम गाडी लावतो, नजर फिरवतो, दंडात ताकद दिसते त्यांना आधी उचलतो. दहा-अकरापर्यंत कोण उरतं? म्हातारे, किडकिडीत, कडेवर पोर असलेली बाई.

दाखल्यातला मालक सकाळी काहींना एक दिनार ठरवून नेतो, एक दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. मग नऊला, बाराला, तीनला पुन्हा जातो, आणि संध्याकाळी पाचला परत जाऊन उरलेल्यांना विचारतो की दिवसभर इथे रिकामे का उभे आहात. ते म्हणतात, कोणी कामच दिलं नाही. त्यांनाही नेतो, आणि शेवटी सगळ्यांना एकेक दिनारच देतो, पाचला आलेल्यांना सगळ्यात आधी. सकाळपासून राबलेले भडकतात. त्यांची तक्रार ऐका, आम्हाला कमी दिलं असं ते म्हणत नाहीत, यांना आमच्या बरोबरीचं केलं असं म्हणतात! हा दाखला देवाच्या कृपेबद्दल आहे हे मान्य, ही एचआर पॉलिसी म्हणून लावली तर दुसऱ्या दिवशी सगळे पाचलाच येतील हेही मान्य. पण येशूला उदाहरण हेच सुचलं याला अर्थ आहे. ज्याला दिवसभर कोणी उचललं नाही त्याच्या घरी चूल तेवढीच पेटायची असते. आमचे पाळक, म्हणजे पास्टर, यावर कृपेचा उपदेश फार सुंदर करतात, आणि त्याच उपदेशाला बसलेला एखादा बांधकामवाला लेबरचे पैसे "पुढच्या शनिवारी बघू" म्हणून लटकवून आलेला असतो, त्याला काही टोचल्याचं दिसत नाही.

रोमन कॅथलिक बाजूने यावर मोठी चौकट आहे, तिच्यात मी फार शिरत नाही. १८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कारखान्यांच्या काळातल्या कामगारांवर पत्र काढलं, त्यात खाजगी मालमत्तेला मान्यता आहे पण कामगाराला संघटना करायचा हक्क आहे, आणि दोघांनी राजीखुशीने ठरवली म्हणून मजुरी आपोआप न्याय्य होत नाही असंही आहे. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं तेही त्या पत्राची आठवण काढून, आता यंत्रांच्या बुद्धीमुळे, म्हणजे एआयमुळे, कामाचा प्रश्न पुन्हा उभा राहिलाय म्हणून.

व्याजाचं आज ऐकून लोकांना हसू येतं. मोशेच्या नियमशास्त्रात आपल्या गरीब भावाला दिलेल्या कर्जावर व्याज घ्यायचं नाही, आणि त्याचं पांघरूण गहाण घेतलं असेल तर सूर्य मावळायच्या आत परत करायचं, कारण रात्री तो काय पांघरणार. चर्चने हे पुढे शेकडो वर्षं फार कडक धरलं, ११७९ च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे बिशपांच्या मोठ्या सभेने, उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनसुद्धा नाकारलं. सोळाव्या शतकात कॅल्व्हिनसारख्या प्रोटेस्टंट सुधारकांनी फरक केला, की धंद्यासाठी घेतलेल्या कर्जावर माफक व्याज चालेल, अडलेल्या माणसाकडून नको. आज होमलोनला कुठलंच मोठं चर्च पाप म्हणत नाही, पाळकांचंही होमलोन असतं. पण तो फरक मला अजून कामाचा वाटतो. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १८७५ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, ते धंदा वाढवायला घेतलेल्या कर्जाचे कागद नव्हते, शेतसारा आणि दुष्काळात अडल्याचे होते. आता सावकार खिशात आलाय एवढंच. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर बाकी राहिली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, म्हणजे वर्षाला चाळीसच्या पुढे, आणि 'मिनिमम ड्यू' भरला की माणसाला वाटतं सुटलो.

आणि अडलेपणा तरी कसला? इथे देवाच्या दहा आज्ञांमधली दहावी येते. खून नको, चोरी नको, खोटी साक्ष नको, या सगळ्या बाहेर दिसणाऱ्या गोष्टी आहेत, दहावी मात्र मनातली आहे: शेजाऱ्याच्या घराचा लोभ धरू नको, त्याची बायको, दास, दासी, बैल, गाढव, त्याच्या कशाचाही. बैल-गाढवाच्या जागी एसयूव्ही टाका आणि शेजाऱ्याच्या जागी इन्स्टाग्राम, यादी तीच राहते. चोरीविरुद्ध पोलीस आहेत, खोट्या साक्षीविरुद्ध कोर्ट आहे, पण दहावी आज्ञा मोडायला लावणं हा एक आख्खा कायदेशीर धंदा आहे, त्याला आपण मार्केटिंग म्हणतो आणि त्याच्या डिग्र्या देतो. माझ्या अर्ध्या मित्रमंडळींची पोटं त्यावरच भरतात, त्यांच्यावर राग नाही. पण ख्रिस्ती माणसाने निदान ओळखावं की "तुम्ही हे डिझर्व्ह करता" म्हणणारी जाहिरात नेमकी कुठे हात घालतेय.

नाताळचं तर बोलायलाच नको, आमचं आम्हीच करून ठेवलंय. नाताळाआधीचे चार रविवार म्हणजे आगमनकाळ, जुन्या रीतीने तो संयमाचा, वाट बघायचा काळ. आता तो काळ एमजी रोडवर पार्किंग शोधण्यात, मुलांचे ड्रेस मॅचिंग करण्यात आणि शेजारच्यापेक्षा मोठा चांदणीचा कंदील आणण्यात जातो, करंज्या-चकल्यासुद्धा आता ऑर्डर देऊन. ज्याचा वाढदिवस त्याच्या घरची परिस्थिती लूकने एका ओळीत सांगितलीय: बाळाला मंदिरात नेलं तेव्हा मरीयेने दोन पक्ष्यांचं अर्पण दिलं. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात नियम आहे की अर्पणाला कोकरू आणायचं, ऐपत नसेल तरच पारव्यांची किंवा कबुतरांची जोडी चालेल. म्हणजे येशूच्या आईबापांनी गरिबांसाठीची सवलत घेतली होती. नवीन कपडे नाहीत म्हणून नाताळच्या उपासनेला न आलेलं पोर आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, होऊन गेलंय, आणि ते का आलं नाही हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं.

देण्याचा भाग लोकांना सगळ्यात सोपा वाटतो, दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, दिला की झालं. मराठी मंडळ्यांमध्ये हंगामाचा सण असतो, काही जण कापणीचा सण म्हणतात. उपासना झाली की आवारात टेबलं लागतात, त्यावर लोकांनी आणलेलं सगळं: कणसं, दुधी, पपई, घरचा केक, इंद्रायणीची पिशवी, पाय बांधलेली एखादी गावठी कोंबडी. मग लिलाव. माइकवर आवाज चढा असलेले एखादे काका, "पपई, पपई, घरच्या झाडाची, पाचशे एक वार!" आणि ती पपई दोन हजाराला जाते, घेणारा पुन्हा टेबलावर ठेवतो, पुन्हा लिलाव होतो, टाळ्या. मला हे मनापासून आवडतं, हशा असतो, म्हातारीकोतारी खूश असतात, आणि पैसा मंडळीच्या कामाला जातो. पण त्याच टेबलाच्या कडेला स्टीलच्या छोट्या डब्यात कोणीतरी आणलेली चार अंडी असतात, ती शेवटी कोणीतरी पन्नास रुपयाला उचलतं, आणि माइकवर त्या आजींचं नाव येत नाही.

येशू मंदिरात दानपेटीसमोर बसून हेच बघत होता. श्रीमंत पुष्कळ टाकतायत, एक विधवा दोन टोल्या, म्हणजे अगदी कमी किमतीची दोन नाणी, टाकते, तो म्हणतो हिने सगळ्यात जास्त टाकलं कारण हिच्या पोटाचं होतं तेच टाकलं. हे वचन दशांश गोळा करताना हमखास वाचतात. त्याच्या बरोब्बर आधीची ओळ वाचत नाहीत, जिथे तो विधवांची घरं गिळून वर लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांवर तुटून पडतो. दोन्ही एकत्र वाचलं तर ती नुसती कौतुकाची गोष्ट राहत नाही, तिच्याकडे दोनच टोल्या का उरल्या हाही प्रश्न होतो. पेरा आणि शंभरपट मिळवा म्हणणाऱ्यांना मी हाच उतारा दाखवतो, त्या बाईला दुसऱ्या दिवशी शंभर टोल्या मिळाल्याचं कुठे लिहिलेलं नाही. आणि येशूला भेटलेल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराचं बघा, तो अर्धं गरिबांना देतो म्हणतोच पण लगेच म्हणतो की कोणाचं लुबाडून घेतलं असेल तर चौपट परत करतो. मजुराचे अडकवलेले पैसे आधी द्यायचे, पेटीत टाकायचे ते नंतर.

मग साठवायचं की नाही? एसआयपी म्हणजे देवावर अविश्वास का? हा प्रश्न तरुणांच्या सभेत दरवेळी येतो. बायबलमधलं नीतिसूत्रे हे पुस्तक मुंगीकडून शिक म्हणतं, ती उन्हाळ्यात साठवते. दुसरीकडे लूकच्या बाराव्या अध्यायात एक शेतकरी आहे, पीक इतकं येतं की तो जुनी कोठारं पाडून मोठी बांधायचं ठरवतो आणि स्वतःच्याच जिवाला सांगतो की आता पुष्कळ वर्षांची सोय झाली, खा, पी, मजा कर, आणि त्याच रात्री मरतो. त्याचं सगळं बोलणं पुन्हा वाचा, सगळीकडे माझं पीक, माझी कोठारं, माझा जीव, दुसरं माणूसच नाही त्यात. अठराव्या शतकातला इंग्लंडचा प्रचारक जॉन वेस्ली ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशोब सांगायचा, तो त्याचाच स्वतःचा मानतात: ३० पौंड मिळाले तेव्हा २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, खर्च २८च, ३२ दिले. मग ९०, मग १२०, खर्च मात्र २८ वरच. आपल्याकडे अप्रेजलची मेल आली की त्याच संध्याकाळी वन बीएचकेचे टू बीएचके शोधायला घेतात, त्यामुळे हा हिशोब ऐकवला की पोरं वेड्यासारखी बघतात. पण आकडा कुठलाही असो, खर्चाची रेघ पगार बघून न ठरवता आधीच ठरवायची, ही एक गोष्ट मला यात करण्यासारखी वाटते, आणि ती अविवाहित असताना जमते तेवढी मुलांच्या शाळेच्या फिया सुरू झाल्यावर जमत नाही हेही खरं.

साठवणुकीच्या बाजूने सगळे योसेफाचं उदाहरण देतात (हा कबरेवाला नव्हे, त्याच्या कितीतरी आधीचा, फारोचा कारभारी झालेला इस्राएली), सुकाळाच्या सात वर्षांत मिसरात धान्य साठवलं म्हणून दुष्काळात देश जगला. बरोबर आहे. फक्त ती गोष्ट उत्पत्तीच्या एक्केचाळिसाव्या अध्यायात थांबवायची नाही, सत्तेचाळिसावाही वाचायचा. तिथे ते धान्य लोकांना फुकट मिळत नाही, विकत घ्यावं लागतं. आधी त्यांचा पैसा संपतो, मग गुरंढोरं जातात, मग जमिनी, आणि शेवटी लोक स्वतःच म्हणतात की आम्हाला फारोचे दास करून घे पण बी दे. योसेफ पुजाऱ्यांची सोडून सगळी जमीन फारोच्या नावावर करतो आणि दर पिकाचा पाचवा हिस्सा कायमचा लावून देतो. काही पिढ्यांनी त्याच मिसरात, तशाच फारोसाठी, योसेफाच्याच भावांची नातवंडं-पतवंडं विटा पाडत होती.